स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळतंय? आधी बुश तपासा

प्रश्न : माझ्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळतं. सील बदललं, पण थोड्याच महिन्यांत गळती पुन्हा सुरू झाली. मेकॅनिक म्हणतात, तेलाऐवजी ग्रीस भरू. भरावं का?
— वाचक, सांगली

उत्तर : साधं चॅसिस ग्रीस मुळीच भरू नका. वर्म (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा मळसूत्रासारखा गिअर) फिरताना ग्रीस बाजूला सारतो आणि ते तिथेच चिकटून बसतं, परत दातांवर येत नाही. गळती थांबल्यासारखी वाटते, पण आत वर्म आणि बेअरिंग कोरडे चालून झिजतात. नवा वर्म मिळवणं आता फार अवघड आहे.

सील पुन्हा गेलं याचं कारण बहुधा सीलमध्ये नाही. चाकं सरळ ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खालून ड्रॉप आर्मच्या (बॉक्समधून बाहेर येऊन चाकांकडे हालचाल पोचवणाऱ्या दांड्याच्या) शाफ्टकडे बघा. शाफ्ट फिरण्याऐवजी आडवा हलत असेल तर बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या) गेलेत. अशा शाफ्टवर कितीही चांगलं सील बसवलं तरी त्याचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला फट पडते.

त्याआधी बॉक्स रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडा करा, वर टाल्कम पावडर मारा आणि गाडी फिरवून आणा, म्हणजे तेल नेमकं कुठून येतंय ते पावडरवर दिसेल. वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून किंवा अॅडजस्टिंग स्क्रूच्या नटाखालून झिरपलेलं तेल ओघळून खालीच येतं, आणि दोष सीलवर जातो.

ड्रॉप आर्म काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण करा. आर्म पुलरनेच काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारलात तर तो घाव थेट आतल्या दातांवर बसतो. बुश बदलायचे तर बॉक्स गाडीतून उतरवावाच लागेल. चांगल्या टर्नरकडून फॉस्फर ब्राँझचे बुश करून घ्या आणि बसवल्यावर दोन्ही बुश एकाच रेषेत रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून घ्या. वेगवेगळे रीम केले तर शाफ्ट अडकतो. तेल लावलेला शाफ्ट हाताने सहज फिरावा, पण आडवा हलू नये.

सीलच्या जागी शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा. सील घेताना शाफ्टचा व्यास, बॉक्सच्या भोकाचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून न्या. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. बसवताना शाफ्टच्या स्प्लाइनवर (टोकाच्या उभ्या खाचांवर) टेप गुंडाळा, नाहीतर नवा ओठ तिथेच कापला जातो. वर्मच्या टोकाच्या झाकणाखालचे शिम (पातळ चकत्या) जपून ठेवा, बेअरिंगचा ताण त्यांच्यावर ठरतो. तिथे सीलंटचा जाड थर दिला की तो ताण बिघडतो.

तेल ईपी ९० (गिअर ऑइल), फिलर प्लगच्या काठापर्यंत. त्याहून जास्त भरलं तर ते वाट शोधतंच.

प्रश्न : गळती नाही, पण स्टिअरिंगला खूप प्ले (सैलपणा) आहे. बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळला तर चालेल?
— वाचक, नाशिक

उत्तर : आधी टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूचा आधाराचा दांडा) बघा, प्ले अनेकदा तिथेच असतो. ते ठीक असतील तर चाकं सरळ ठेवून स्क्रू थोडाथोडा आवळा. वर्म मध्यभागी सर्वात जास्त झिजतो. तिथला सगळा प्ले काढायला गेलात तर वळणाच्या टोकाला स्टिअरिंग जाम होईल आणि वळणानंतर आपोआप परत येणार नाही. हे धोक्याचं आहे. प्रत्येक वेळी चाकं उचलून दोन्ही लॉकपर्यंत (वळणाच्या टोकापर्यंत) फिरवून पाहा. कुठे जड लागलं तर लगेच सैल करा.

प्रश्न : अॅम्बेसेडरच्या स्टिअरिंग बॉक्सचं सील कुठे मिळेल?
— वाचक, सोलापूर

उत्तर : अॅम्बेसेडरला असा बॉक्स नाही, रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि लहान गिअर) आहे. टोकाचे रबरी बूट फाटले की तेल तिथून जातं आणि धूळ आत शिरते. टाय रॉड एंड काढताना किती फेरे फिरले ते मोजून ठेवा, रॅक आतून साफ करा, मगच नवे बूट क्लिपने आवळा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.