थायमस आक्रसल्यावर टी पेशी कुठून येतात?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या आहेत. वयाबरोबर थायमस ग्रंथी आक्रसते, तर त्यांच्या टी पेशी (रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) कशा टिकतात? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : टी पेशींच्या पूर्वज पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि रक्तावाटे छातीच्या हाडामागील थायमसमध्ये येतात, तेथील परीक्षा इतकी कठोर असते की, स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या किंवा निरुपयोगी ठरणाऱ्या बहुतांश पेशी तेथेच मरतात. या ग्रंथीचे हे महत्त्व शास्त्रज्ञ जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. सासूबाईंच्या वयात नवी भरती अत्यल्प होते. परंतु इंटरल्युकिन-७ सारख्या संदेशक प्रथिनांच्या आधारे जुन्या पेशी तग धरतात आणि हळूहळू विभागून आपली संख्या राखतात. त्यांतील वैविध्य मात्र घटते आणि नवे जंतू ओळखण्याची क्षमता कमी होते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांचे लसीकरण वेळेवर करावे, असे मी आग्रहाने सांगेन.