मारबतीसोबत काय पाठवायचं, काय ठेवायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा चार वर्षांचा, डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. बहीण म्हणते हा आजारच नाही, ही न्यूरोडायव्हर्सिटी आहे, थेरपीच्या मागे लागू नको. सासूबाई म्हणतात, "बोलन न बाप्पा, याचा बापही उशिराच बोलला होता." आणि तुम्हाला कळेना की ऐकायचं कोणाचं. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. माझा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे आणि मोजकंच बोलतो. त्या भांडवलावर लिहिते.

बहिणीचं अर्धं बरोबर आहे. न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे एवढंच की माणसांचे मेंदू एका साच्यातले नसतात, आणि तसे नसणं ही काही निसर्गाची चूक नाही. नुसतं सागाचं रान म्हणजे जंगल नव्हे, तसंच. हा शब्द नव्वदच्या दशकात ऑटिस्टिक लोकांच्या आपसातल्या ऑनलाइन चर्चांमधून वर आला. जुडी सिंगर या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ च्या आसपास तो आपल्या प्रबंधात वापरला. त्यात ऑटिझम येतो, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्थिर बसवत नाही) येतो, डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडतं) येतो, आणि तुम्ही-मीही येतो. म्हणून एकट्या मुलाला न्यूरोडायव्हर्स म्हणणं खरं तर चुकीचंच, सबंध वर्ग न्यूरोडायव्हर्स असतो. ज्याचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळा चालतो तो न्यूरोडायव्हर्जंट.

पण यात "मदत नको" हे कुठेच नाही. ते आपल्या व्हॉट्सॲपने जोडलं.

आमच्याकडची गोष्ट सांगते. मुलगा तुमच्या मुलाएवढा होता, निदान होऊन दोन महिने झाले होते. पोळ्याचा दुसरा दिवस. सासर नागपूरच्या महालात, त्यामुळे मारबतीची, म्हणजे गावाची ईडा-पीडा सोबत नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक गॅलरीतून दिसते. खाली "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" सुरू झालं, तशा सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्या बाळाचं हेही घेऊन जा गे माय." मीही मनात तेच म्हणत होते. आणि हा कुठे होता? तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, आणलेला चाकांचा लाकडी बैल आडवा करून, गाल फरशीला टेकवून, एका चाकाला बोटाने फिरवत होता. चाक थांबत आलं की पुन्हा हलकेच बोट. ताशाचा आवाज गॅलरीजवळ आला तसे त्याने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले, नजर मात्र चाकावरून काढली नाही.

माझा पुढचा सगळा प्रवास म्हणजे त्या मारबतीसोबत नेमकं काय पाठवायचं होतं हे शोधणं. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने १९९३ साली टोरंटोच्या परिषदेत आईबापांना तोंडावर सांगितलं होतं की ऑटिझम काढून टाकला तर मागे तुमचं हेच मूल उरत नाही, दुसरंच कोणी उरतं. मी हे बऱ्याच उशिरा वाचलं. आधी राग आला. मग चाक आठवलं.

पण सगळंच ठेवून घ्यायचं असंही नाही. अकराव्या वर्षी त्याला फिट आली. ऑटिझमसोबत फिट्स, झोपेचे आणि पोटाचे त्रास बऱ्याच जणांना असतात. त्याच्या गोळ्या आजही सुरू आहेत. फिट ही मेंदूची विविधता म्हणून मी साजरी करत नाही, ती मारबतीने खुशाल न्यावी. हा फरक तुमच्या बहिणीलाही समजावून सांगा.

आता ऑटिझम समजायचा कसा. आपला "स्वमग्नता" हा शब्द दिसायला सुंदर, पण दिशाभूल करणारा. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ मध्ये "ऑटिझम" शब्द वापरला तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. लिओ कॅनरने १९४३ मध्ये तो अकरा मुलांच्या वर्णनासाठी घेतला, आणि स्वतःत बुडालेलं मूल ही प्रतिमा चिकटली ती चिकटलीच. माझं पोरगं स्वतःत मग्न नाही. उलट बाहेरचं सगळं एकदम आत शिरतं त्याच्या: ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी, शर्टाच्या कॉलरचं लेबल, पाहुण्यांचं अत्तर.

एका डिसेंबरात तो सलग रात्री झोपेना. आम्ही जंत, दात, दृष्ट सगळं करून पाहिलं. सासूबाईच एकदा म्हणाल्या, "कूलर काढला तेव्हापासून करून राहिला हा असं." नागपूरकरांना सांगायला नको, मार्चपासून कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. थंडी पडली म्हणून आम्ही तो कपडा बांधून स्टोअरमध्ये टाकला होता, आणि त्याच्या रात्रीतून तो एकसुरी आवाज गेला होता. त्या रात्री टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला. झोपला. वागण्यामागे कारण असतं हे मला पुस्तकाआधी या फॅनने शिकवलं. हट्टात मूल तुमच्याकडे बघतं, काही मिळवायचं असतं त्याला. मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन ते कोसळतं तेव्हा, त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. तेव्हा समजावू नका, आवाज आणि माणसं कमी करा.

बोलण्याचंही तसंच. आमचा मुलगा मेट्रोवेडा आहे, खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत स्टेशनं क्रमाने म्हणतो. लग्नात, दवाखान्यात, कुठेही अचानक म्हणतो, "पुढील स्टेशन सीताबर्डी." लोक हसतात. सीताबर्डीला गाडी बदलायची असते. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ: इथलं पुरे झालं, आता दुसरीकडे चला. ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणणं, ज्याला इकोलालिया म्हणतात, ते निरर्थक समजून बंद पाडू नका. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्यांना आपण कळत नाही हे खरं, पण आपल्याला ते कळतात का? मला सीताबर्डी कळायला तीन वर्षं लागली.

"माइल्ड आहे की सिव्हिअर" असं प्रत्येक नातेवाईक विचारेल. ऑटिझमला स्पेक्ट्रम म्हणतात, पण स्पेक्ट्रम म्हणजे तापमापी नव्हे. मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा: एका वाटीत तिखट शिगोशीग, दुसरीत मोहरीचे चार दाणे. एखादा फाडफाड इंग्रजी बोलतो, पण बाजारातल्या गर्दीत कोसळतो. माझा मोजकंच बोलतो, पण घरातलं सगळं कपाट तोच लावतो. २०१३ पासून डीएसएम-५ या मानसोपचाराच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत ॲस्पर्जर (बोलणं ठीक असलेल्या ऑटिस्टिक लोकांचं जुनं निदान) वेगळं राहिलं नाही, एकच निदान आणि किती आधार लागतो त्याच्या तीन पातळ्या. पातळी मुलाची किंमत नाही सांगत, आधाराची गरज सांगते, आणि ती वयानुसार, दिवसानुसारही बदलते.

दोष कोणाचा, हेही घरात निघेलच. मी नोकरी सोडली नाही म्हणून झालं, असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलंय. परदेशातही अनेक वर्षं थंड स्वभावाच्या आयांवर खापर फोडलं गेलं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये ते खोडून काढलं. लसीमुळे होतो म्हणणारा १९९८ चा शोधनिबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मोबाइल कमी करा जरूर, पण अपराधीपणाने नको. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तेव्हा "बापही उशिराच बोलला" हे सासूबाईंचं वाक्य थांबण्यासाठी नव्हे, डॉक्टरांना सांगण्यासाठी वापरा.

थेरपी घ्याच, पण निवडून. आम्ही ज्या पहिल्या सेंटरमध्ये गेलो तिथे हात फडफडवला की "हात खाली", आणि हात खाली ठेवले की एक चिप्स. दोन महिन्यांत हात खाली राहू लागले. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मग तो स्वतःचं मनगट चावायला लागला. दुसरीकडे एका स्पीच थेरपिस्टने पहिले दोन दिवस काही शिकवलंच नाही, त्याच्या शेजारी फरशीवर बसून चाक फिरवलं. तिसऱ्या दिवशी त्याने चाक तिच्याकडे सरकवलं. पुढे तिनेच चित्रांची कार्डं दिली. कार्डांमुळे मूल बोलायचं थांबतं ही भीती निराधार आहे. तुम्ही एकच विचारा: या शिकवण्याने त्याचा त्रास कमी होतो, त्याला हवं-नको सांगता येतं, की तो फक्त चारचौघांसारखा दिसतो? आणि "बरा करून देतो" म्हणणाऱ्याच्या पायऱ्या चढू नका. स्टेम सेलवाले तर लाखांत बोलतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने ऑटिझमसाठी त्याची शिफारस केलेली नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. "शिक्का बसेल" म्हणून आम्ही चार वर्षं घालवली, तो मूर्खपणा होता. शिक्का लोक तसाही मारतात, सवलत मात्र कार्डाशिवाय मिळत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते आणि त्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. अठराव्या वर्षानंतर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. तुम्हाला वेळ आहे, फक्त कानावर असू द्या.

आधी बेरा म्हणजे कानाची तपासणी झाली का ते कळवा, तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. आणि तान्ह्या पोळ्याला त्याला घेऊन जाणार असाल तर गर्दी जमायच्या तासभर आधी न्या. बैल मात्र चाकांचाच घ्या.