गोल्फचा राउंड चांगला झाला की नाही, हे हौशी खेळणाऱ्याने कसं ओळखायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की हॅन्डिकॅप (म्हणजे पारवर मिळणारी फटक्यांची सूट) १८ आहे, पार (चांगल्या खेळाडूसाठी ठरलेले फटके) ७२ च्या कोर्सवर बहुतेक वेळा ९४ ते ९७ फटके लागतात, एकदा ८९ आले होते, आणि तेव्हापासून ९० च्या वर गेलं की आपण बिघडलो असंच वाटत राहते. माझं सरळ म्हणणं असं की ९४ हा १८ हॅन्डिकॅपवाल्याचा वाईट राउंड (१८ होलांचा डाव) नाहीच. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, हिशोबच तसा आहे.

मी नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला. गावाला लागून छावणीचं गोल्फचं मैदान आहे, गावातली बरीच पोरं सुट्टीत तिथं कॅडीच्या कामाला जायची, मी पण बॅगा वाहिल्या, तिथंच खेळ शिकलो आणि आता कापूस-तुरीचं वावर सांभाळून खेळतो. म्हणून स्वतःच्या राउंडपेक्षा दुसऱ्यांचे राउंड बाजूला उभं राहून जास्त पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली, ती म्हणजे बहुतेक लोक राउंड मोजतात चुकीच्या मापाने. एक तर पारशी तुलना करतात, जे माप त्यांचं नाहीच, नाही तर आपल्या आयुष्यातल्या बेस्ट स्कोअरशी करतात, जो एकदाच आलेला असतो.

आता हॅन्डिकॅप म्हणजे सरासरी नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. २०२० पासून जी वर्ल्ड हॅन्डिकॅप सिस्टिम आली त्यात तुमचे शेवटचे २० राउंड घेतात, त्यातले सगळ्यात चांगले ८ निवडतात आणि फक्त त्या आठांची सरासरी काढतात, बाकीचे १२ हिशोबात धरतच नाहीत. म्हणजे १८ हा आकडा तुमच्या चांगल्या दिवसांचा आहे, रोजचा नाही. आणि त्या आठातलेही अर्धेअधिक सरासरीच्या आसपास किंवा वरच असणार ना, म्हणून विसातून चार-पाच वेळा हॅन्डिकॅपइतकं खेळलात तर ते बरोबर चाललंय. तुमचे ९४ म्हणजे तुमचा साधा, नेहमीचा दिवस. ९७ म्हणजे थोडा खालचा. ८९ तुमचा फार चांगला दिवस होता, त्याचा आनंद धरा पण त्याला फूटपट्टी नका करू.

दुसरी गोष्ट, नुसता स्कोअर सांगून काहीच कळत नाही, कोर्स कोणता ते सांगावं लागते. आमच्याकडे कोरडवाहू वावरातला एकरी पाच क्विंटल आणि ओलिताखालचा एकरी पाच क्विंटल कापूस कोणी सारखा धरत नाही, तसंच हे. प्रत्येक कोर्सला कोर्स रेटिंग असते, म्हणजे तिथं स्क्रॅच (शून्य हॅन्डिकॅपच्या) खेळाडूने साधारण किती मारायला पाहिजे तो आकडा, आणि स्लोप रेटिंग असते, ५५ पासून १५५ पर्यंत, मधला प्रमाण आकडा ११३, म्हणजे आपल्यासारख्याला तो कोर्स स्क्रॅचवाल्यापेक्षा किती जास्त जड जाणार. तुमच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करा, त्याला ११३ ने गुणा आणि स्लोपने भागा, जे येते ते त्या राउंडचं डिफरन्शिअल, म्हणजे हॅन्डिकॅपशी ताडायचा आकडा. समजा ९५ मारले, कोर्स रेटिंग ७०.४ आणि स्लोप १२०, तर येते २३.२. तेच ९५ रेटिंग ७३.१ आणि स्लोप १३२ च्या कोर्सवर मारले तर १८.७. कार्डावर आकडा एकच आहे पण साडेचार स्ट्रोकचा (फटक्यांचा) फरक पडला, पहिला राउंड मामुली आणि दुसरा १८ हॅन्डिकॅपवाल्याने मिठाई वाटावी असा. हे रेटिंग कार्डावर छापलेलं असते, लोक बघत नाहीत.

मोसमाचं पण तेच. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, काळी माती दगडासारखी होते, भेगा पडतात, ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) पडल्यावर बॉल धावतच राहते, लोक म्हणतात माझी लांबी वाढली. ऑगस्टमध्ये तोच ड्राइव्ह चिखलात पडल्या जागी रुतते आणि मग दुसऱ्या शॉटला दोन क्लब जास्त, म्हणजे दोन नंबर लांब मारणारी काठी लागते. मे मधले ९२ आणि ऑगस्टमधले ९६ समोरासमोर ठेवून मी घसरलो असं म्हणणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. एखाद्या दिवशी हवामानाने सगळ्यांचेच स्कोअर बिघडले तर सिस्टिममध्ये त्याचीही दुरुस्ती आहे, त्या दिवशी तिथं निदान आठ स्कोअर नोंदलेले असले तर उणे १ ते अधिक ३ पर्यंत फरक धरतात. पण तुमच्या ऑगस्टला कोणी वेगळं धरत नाही, ते तुम्हालाच धरावं लागते.

आता मुख्य. माझ्या मते हौशी माणसाचा राउंड भारी शॉटवरून ठरतच नाही, तो ठरतो फसलेल्या जागेवरून माणूस कसा बाहेर येते त्यावरून. एक प्रसंग सांगतो. पार चारचा होल, उजवीकडे बाभळी आणि त्यांच्या मागे नाला. ज्यांची बॅग माझ्याकडे होती त्यांचा ड्राइव्ह बाभळीखाली गेला. दोन फांद्यांच्या मधे हातभर फट होती, त्यातून ग्रीन (होलभोवतीचं गुळगुळीत गवत) दिसत होता. त्यांनी थ्री वूड (लांब मारायची काठी) मागितला. बॉल फांदीला लागला आणि नाल्यात, एक पेनल्टी (दंडाचा फटका), मग बंकर (वाळूचा खड्डा), बंकरमधून एक वाया, पुढचा ग्रीनच्या पलीकडे, शेवटी ९. त्यांच्याच ग्रुपमधले एक वयस्कर साहेब, त्यांचाही बॉल त्याच बाभळींत होता, त्यांनी सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याची काठी) घेतली आणि आडवा मारून फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्टीवर) काढला, तिसरा ग्रीनच्या अलीकडे, चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका), दोन पट (ग्रीनवरून बॉल होलात घालवायचे हलके फटके), एकूण ६. कोणी टाळी वाजवली नाही. पण त्या एका होलवर तीन स्ट्रोकचा फरक पडला आणि तो काही स्विंगचा फरक नव्हता. चहाच्या वेळी पहिले साहेब पुढच्या होलवरच्या लांब ड्राइव्हबद्दलच बोलत होते, तो ड्राइव्ह खरंच सुंदर होता, मी डोळ्यांनी पाहिला, पण राउंड गेला होता बाभळीखाली.

हॅन्डिकॅपच्या हिशोबात असा होल नेट डबल बोगीवर (पार अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सूट) थांबवतात, म्हणजे तुमच्यासारख्या १८ वाल्याला पार चारवर ९ चे ७ च धरतात, म्हणून एका होलने तुमचा आकडा पूर्ण बिघडत नाही. स्टेबलफर्डमध्ये (होलवार पॉइंट मोजायच्या पद्धतीत) पण हीच सोय आहे. डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही पद्धत काढली आणि १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलेसी क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली, हेतू हा की सुरुवातीलाच दोन होल फसले म्हणून माणसाने कार्ड फाडून टाकू नये. तुम्हाला प्रत्येक होलला एक स्ट्रोक मिळते, म्हणून बोगीला (पारपेक्षा एक जास्त) २ पॉइंट, डबल बोगीला १, त्याच्या पुढे शून्य. ३६ झाले म्हणजे हॅन्डिकॅपइतकं खेळलात, ३१-३२ झाले म्हणजे ठीकठाक दिवस. मला विचाराल तर स्वतःला तपासायला एकूण स्कोअरपेक्षा हे माप कितीतरी बरं, पाहा करून.

पटच्या संख्येवर मात्र विसंबू नका. २८ पट लागले म्हणून लोक खूश होतात, पण ग्रीन चुकून जवळून चिप केली की बॉल होलपाशीच पडते आणि पट आपोआप कमी लागतात. आणि सहा-आठ फुटांचा पट हुकला म्हणून रडायचं काही कारण नाही, पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांतले) प्रो सुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच टाकतात. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या मार्क ब्रॉडी या प्रोफेसरने ढिगाने शॉट तपासून दाखवलंय की चांगल्या आणि साध्या खेळाडूतला जो स्कोअरचा फरक असतो त्यातला दोनतृतीयांश शंभर यार्डांच्या बाहेरच्या शॉटमधून येते. आणि लोक घरी जाताना तीन पट मारलेला एक ग्रीनच आठवत बसतात.

मी स्वतः कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहितो, ते पण होल संपल्याबरोबर, कारण घरी गेल्यावर शेवटचे दोन-तीन होल जसे गेले तसाच सगळा राउंड वाटते. डबल बोगीच्या वर किती होल गेले, पेनल्टी किती, ग्रीनच्या बाजूला उभं असून बॉल ग्रीनवर यायला एकापेक्षा जास्त किती वेळा लागले, आणि झाडाखालून किंवा बंकरमधून पहिल्याच फटक्यात बाहेर आलो की नाही. बस एवढंच. फेअरवे किती मिळाले ते पूर्वी लिहायचो, आता सोडलं, कारण फेअरवेपासून हातभर बाहेर आणि नाल्याच्या पलीकडे दोन्ही त्यात सारखेच धरल्या जातात.

तुमचे ९७ आणि ८९, दोन्ही कार्डं होलवार लिहून इथंच टाका, सोबत कोर्स रेटिंग आणि स्लोप. मला तर वाटते दोन्हीतले बारा-तेरा होल जवळपास सारखेच निघतील आणि सगळा फरक उरलेल्या पाच-सहा होलांत असेल, ते कोणते आणि तिथं ड्राइव्ह गेला, पेनल्टी गेली की ग्रीनच्या बाजूला घोळ झाला, हे पाहून मग पुढचं बोलू.