श्रावणातल्या रानात शिकायला निघालेल्या मुलास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. आंबोली आणि तिलारी यांच्या दरम्यानच्या सदाहरित रानात ऐन श्रावणात आठ दिवस राहून जंगलात तग धरण्याची विद्या शिकण्याची तुला संधी मिळाली आहे, आणि त्याच रानात हयात घालवलेले दोन वाटाडे सोबत असणार आहेत, हे वाचून मनापासून आनंद झाला. पत्राबरोबर तू सामानाची यादी जोडली आहेस. तीत लांब पात्याचा सुरा आहे, चकमकीची कांडी आहे, होकायंत्र आहे आणि परदेशी सैनिकांसाठी लिहिलेले एक जाडजूड पुस्तकही आहे. यादीकडे मी शेवटी येतो. त्याआधी जी गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुला सांगतो. ही विद्या सगळ्या जंगलांसाठी सारखी नसते. प्रत्येक रानाची ती वेगळी असते, आणि त्या रानात राहणाऱ्या माणसांकडूनच ती घ्यावी लागते.

युलियाने केप्के या मुलीची हकीकत तू वाचली असशील. १९७१ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी पेरू देशातल्या अॅमेझॉनच्या जंगलावर विमान फुटले आणि सतरा वर्षांची ती मुलगी आपल्या आसनासकट सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून खाली येऊनही वाचली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या संशोधन केंद्रात ती त्याच प्रकारच्या रानात राहिलेली होती. पाण्याची धार सापडली की तिच्या काठाने खाली जायचे, ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसे असतात, एवढे तिला ठाऊक होते. त्या आधारावर चालत ती अकराव्या दिवशी माणसांत पोचली. अॅमेझॉनच्या सपाट खोऱ्यात ते ज्ञान अचूक होते. हाच नियम पुस्तकांतही असतो, आणि पुस्तकांतून तो माझ्या डोक्यात बसला होता.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. तिलारीच्या वरच्या अंगाला एका मोहिमेत बेडकाचा आवाज ऐकून, कोणालाही न सांगता, मी वाट सोडून आत शिरलो. दहाच मिनिटे गेली असतील, पण धुके उतरले आणि डोक्याहून उंच कारवीत मला दिशा राहिली नाही. मग तो नियम आठवला आणि एका व्हाळाच्या काठाने मी उतरू लागलो. तासाभराने पाण्याचा आवाज बदलला. इतका वेळ दगडांवर खळखळणारे पाणी पुढे एकाएकी गप्प झाले होते आणि त्या जागी खालून, फार खोलवरून, घुमल्यासारखा नाद येत होता. मी एका अंजनीच्या बुंध्याला धरून पुढे वाकलो, तेव्हा पायांखाली फक्त पांढरे धुके होते. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाचे ओढे कड्यावरून थेट कोकणात उडी घेतात. तेथे पाण्यामागे जाणे म्हणजे कड्याकडे जाणे. ती रात्र मी त्याच झाडाला पाठ लावून काढली. सकाळी गुरे शोधत आलेल्या एका गवळी धनगर आजोबांनी माझी शिट्टी ऐकली आणि हाताला धरून मला वर आणले. वर येताना ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की, वाट चुकलास तेथेच बसला असतास तर काल संध्याकाळीच सापडला असतास.

म्हणून पहिली गोष्ट. चुकल्याची शंका येताच खाली बस. मोठ्या झाडाजवळ, पण सुकी फांदी डोक्यावर लोंबत नसेल अशा ठिकाणी बस. तीन लांब शिट्ट्या दे, थांब, ऐक, पुन्हा दे. पावसाच्या आवाजात माणसाची हाक पन्नास पावलांवर विरते, शिट्टी मात्र पुढे जाते. शोधणारे लोक तू शेवटचा दिसलास त्या जागेपासून शोध सुरू करतात, त्यामुळे तू चाललेला प्रत्येक तास त्यांचे काम अवघड करतो.

वाटाड्यांकडून काय शिकावे, असे तू विचारले आहेस. ते जे तोंडाने सांगतील ते तर शिकच, पण जे न बोलता करतात त्याकडे अधिक लक्ष दे, कारण त्यांना ते सांगण्यासारखे वाटतच नाही. पुढचा माणूस चालताना मधूनच मागे वळून पाहत असेल; परतताना हीच वाट कशी दिसेल ते तो मनात साठवतो. दोन वाटा फुटतात तेथे तो क्षणभर थांबून खाली पाहतो. ढोरवाट आणि माणसांची वाट यांत फरक आहे. ढोरवाट झुडपांखालून, माणसाला वाकावे लागेल अशा बोगद्यातून जाते आणि चरणीपाशी पोचून अनेक फाट्यांत विरते. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कोयत्याने छाटलेल्या फांद्यांची जुनी तोंडे दिसतात. हे मी तुला कागदावर सांगू शकतो, पण त्या जुन्या छाटाचा काळवंडलेला रंग ओळखायला डोळे तेथेच तयार होतील. रोज संध्याकाळी दिवसभराची वाट आठवून वहीत काढ आणि ती त्यांना दाखव. ते बोट ठेवून दुरुस्त करतील. त्या दुरुस्त्या फार मोलाच्या असतात.

आता कोरडेपणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण श्रावणातल्या सह्याद्रीत माणसाला खरा धोका साप-बिबट्यांपेक्षा ओल्या कपड्यांचा असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि तेथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. थंडी अशी वाटत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते, आणि वर वारा असला तर शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जायला हिमालय लागत नाही. सोबत्याची बोटे गाठ सोडवताना अडखळू लागली, तो उगाच ठेचकाळू लागला, बोलणे जड झाले, तर त्याला ताबडतोब आडोशाला घे. कापरे भरणे बरे म्हणावे लागते. थंडी तशीच असताना कापरे थांबले, तर प्रकरण गंभीर आहे असे समज.

यावर उपाय एकच आणि तो कठोरपणे पाळावा लागतो. कपड्यांचे दोन जोड ठेव. एक ओला, दिवसाचा. दुसरा कोरडा, फक्त झोपण्याचा. रात्री ताडपत्रीखाली शिरल्यावर अंग पुसून कोरडे कपडे आणि कोरडे मोजे घालायचे, आणि सकाळी ते काढून, घडी करून, पिशवीत बांधून पुन्हा तेच ओलेगच्च, गारढोण कपडे चढवायचे. सकाळी पाच मिनिटे जीव नको होतो. तिसऱ्या दिवशी तुझे मन म्हणेल की आज पाऊस कमी आहे, कोरडा सदराच घालून जाऊ. त्या दिवशी तू मनाचे ऐकलेस, तर उरलेल्या पाच रात्री ओल्यात झोपावे लागेल. पायांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की दोन दिवसांत चालणे बंद होते, म्हणून रात्री पाय कोरडे करून पावडर लावण्यात कंटाळा करू नकोस. ताडपत्रीच्या दोरीवरून पाणी ओघळत आत येते. आडोशाच्या जरा बाहेर त्या दोरीला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता ठेव, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाईल. ओढ्याच्या काठची सपाट, वाळूची जागा कितीही मोहक दिसली तरी तेथे मुक्काम करू नये, कारण वर डोंगरात पडलेला पाऊस तुला न दिसताही खाली येतो.

विस्तव पेटवणे शिकताना तुला सर्वांत जास्त आनंद होईल. सगळे रान ठिबकत असताना कोरडे लाकूड कोठे असते? जमिनीवर पडलेले घेऊ नये, ते स्पंजासारखे पाणी प्यालेले असते. उभ्याने वाळलेले, मनगटाएवढे लाकूड वाटाडे शोधतील. मला वर आणणाऱ्या त्या धनगर आजोबांचे हात मला अजून आठवतात. कमरेच्या आकडीतून कोयता काढून त्यांनी ते लाकूड उभे चिरले, बाहेरची काळी, ओली साल बाजूला केली आणि आतला पिवळसर गाभा माझ्या गालाला लावला; तो कोरडा आणि किंचित उबदार होता. मग त्या गाभ्याचे त्यांनी कागदासारखे पातळ कुरळे छिलके काढले, भेरली माडाच्या झावळीच्या बुडाशी असतो तो तपकिरी कापूस कनवटीच्या डबीतून काढून ठिणगीखाली धरला आणि वर धुपाच्या झाडाची बोटाच्या पेराएवढी राळ ठेवली. राळ ओल्या हवेतही धूर सोडत जळत राहते आणि छिलके पेटेपर्यंत दम धरते. पण बुंध्याला खाचा पाडून, आगी लावून राळ काढण्याच्या हव्यासापायी ही झाडे फार कमी झाली आहेत. आपोआप गळून पडलेली राळ मिळाली तरच घे. राखीव वनात आणि अभयारण्यात विस्तव पेटवणे किंवा झाड तोडणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेव. हे धडे मालकीच्या रानात, मालकाच्या परवानगीनेच द्यायचे असतात. तुमचे शिबिर तसे करणार आहे ना, हे जाण्यापूर्वी विचारून घे. उत्तर गुळमुळीत आले तर मला कळव.

पाण्याची अडचण पावसाळ्यात नसते. ताडपत्रीवरचे पावसाचे पाणी धर. ओढ्याचे घेतलेस तर फडक्यातून गाळून खळखळ उकळ. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून उघड्या पायाने जाऊ नकोस, कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते.

खाण्याबद्दल मात्र तुझा उत्साह मला थोडा आवरायचा आहे. त्या पुस्तकात अनोळखी वनस्पती ओठाला लावून, मग जिभेला लावून, मग चिमूटभर खाऊन पारखण्याची रीत दिलेली असते. ती करू नकोस. आठ दिवसांच्या शिबिरात उपाशी मरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि अळिंब्यांच्या बाबतीत ही परीक्षा जिवावर बेतते, कारण काही विषारी जातींचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो. त्यापेक्षा वाटाड्यांच्या घरी एक दिवस चुलीपाशी बसायला मिळाले तर बस. आपल्याकडच्या शेवळाचेच पाहा. पावसाच्या सुरुवातीला उगवणारी ही रानभाजी तशीच शिजवली तर घसा खवखवून सुजतो. म्हणून बायका ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात, मग खाज मरते. भाजी कोणती, तिचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात आणि कशाच्या जोडीने, एवढे सगळे ठाऊक असेल तेव्हा ती अन्न होते. २०२३ साली कोलंबियातल्या जंगलात विमान कोसळून आई गेल्यावर हुइतोतो समाजाची चार भावंडे चाळीस दिवस जगली. थोरली तेरा वर्षांची होती आणि धाकटे बाळ अकरा महिन्यांचे. विमानातले कसाव्याचे पीठ पुरवून पुरवून खाताना रानातली कोणती फळे चालतात हे त्या मुलीला समजत होते, कारण आजीने ते तिला शिकवले होते. तिला आपल्या रानात आणून सोडले असते तर तिलाही पहिल्यापासून शिकावे लागले असते, असे मला वाटते.

सापांविषयी तू दोन पाने लिहिली आहेस, मी चार ओळी लिहितो. रात्री आणि पावसात चापडा ओढ्याकाठच्या झुडपांवर, कमरेच्या उंचीला, पानासारखा निश्चल बसलेला असतो; म्हणून आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी ती पाहावी, आणि अंधारात विजेरीवाचून लघवीलाही जाऊ नये. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते, चापड्यासाठी ती उपयोगाची नाही. तरीही दंश झाला तर अवयव हलू न देता, आवळपट्टी न बांधता, चिरे न देता माणसाला रुग्णालयात न्यायचे. मुक्कामापासून गाडीरस्ता किती तासांवर आहे, हे पहिल्याच दिवशी विचार. जळवांना भिऊ नकोस. बारीक टोकाकडून नखाने हलकेच सरकवली की जळू सुटते; जखम बराच वेळ वाहते, ती नुसती दाबून धर. पुढे कधी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात त्या पट्ट्यात गेलास तर गोचिडांपासून जप. दोडामार्ग भागात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती आणि तो गोचिडांमुळेच पसरतो. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता गावात कळवावे.

आता यादी. लांब सुरा घरी ठेव. वाटाड्यांचा कोयता मागून घे आणि ते शिकवतील तसा, बसून, अंगापासून बाहेरच्या दिशेने चालव. होकायंत्र ने. जाड पुस्तक नको, त्याऐवजी एक वही आणि चार पेन्सिली घे, कारण शाईचे पेन ओल्या कागदावर चालत नाही. शिट्टी गळ्यात घाल, पिशवीत नको. वाटाड्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हण, त्यांच्या आधी जेवायला बसू नकोस आणि त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस.

निघण्याच्या आदल्या रात्री कोरडे कपडे पिशवीत बांध, पिशवी न्हाणीघरातल्या भरल्या बादलीत पाण्याखाली दाबून ठेव आणि जेवून ये. मग उघडून पाहा. एक बाही जरी दमट लागली तरी पिशवी बदल आणि पुन्हा बुडवून बघ.

तुझा,
वाट पाहणारा मास्तर