डब्यासोबत साक्षही द्यावी का?

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. गेली बारा वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या हिंदू मैत्रिणीचे यजमान पक्षाघातामुळे तीन आठवडे रुग्णालयात आहेत. मी रोज संध्याकाळी तिला डबा पोहोचवते. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात की ही साक्ष देण्याची, म्हणजे आपला ख्रिस्तावरील विश्वास सांगण्याची, संधी आहे, ती दवडू नका. पण ख्रिस्ताविषयी बोलले, तर डब्यामागे माझा काही हेतू होता असे तिला वाटेल. आणि गप्प राहिले, तर मी प्रभूला नाकारते आहे अशी बोच लागून राहते. मी काय करावे?
– एक भगिनी

उत्तर : भगिनी, आपली मैत्रीण उपाशी राहू नये म्हणून आपण डबा नेता, त्याच एका कारणासाठी तो नेत राहा. रुग्णालयाच्या बाकावर बसलेली बाई कोणालाच ‘नको’ म्हणू शकत नाही, आणि रोज जेवण आणणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. तिच्या या अगतिकतेत, तिने विचारलेले नसताना केलेला उपदेश तिला उपकाराच्या ओझ्याखाली ऐकून घ्यावा लागेल. पाळकसाहेबांची तळमळ खरी आहे. तरी ही वेळ त्यासाठी योग्य आहे असे मला वाटत नाही.

तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:१६), आणि पुढच्याच अध्यायाच्या आरंभी, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असेही बजावतो (मत्तय ६:१). कृती एकच असते; ती करताना आपली नजर समोरच्या माणसाच्या भुकेवर आहे की आपल्या साक्षीच्या यशावर, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे लागते. मी स्वतः यात चुकलो आहे. एका रविवारी उपासना आटोपून, हातात बायबल आणि गीतांचे पुस्तक घेऊन, मी फाटकाबाहेरच्या भाजीवाल्या बाईशी मेथीच्या दोन जुड्यांच्या पाच रुपयांवरून चढ्या आवाजात घासाघीस केली. सुटे पैसे परत देताना तिने माझ्या हातातल्या पुस्तकांकडे पाहिले, आणि ती काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी मी तिची माफी मागितली. पण त्या नजरेने मला जे शिकवले, ते कित्येक प्रवचनांनी शिकवले नव्हते. आपल्या मैत्रिणीनेही आपल्याला बारा वर्षे असेच पाहिले आहे: आपण शिपायाशी कसे बोलता, चूक झाली तर ती कोणाच्या माथी मारता, हे सारे तिला ठाऊक आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी-संघाने चालवलेले काम पाहिले. अशा स्त्रियांना इतक्या मायेने वागवलेले त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते, म्हणून त्यांनीच त्यामागचे कारण विचारले. तेव्हा तेथील भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि यहुद्यांनी तुच्छ लेखलेल्या शोमरोनी समाजातील एक स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. प्रश्न रमाबाईंचा होता, हे मला फार मोलाचे वाटते. पण त्या भगिनीजवळ उत्तर तयार होते, हेही तितकेच खरे. आणि १८८३ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वी ख्रिस्ती झालेले पंडित फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांचाही रमाबाईंच्या विचारांवर परिणाम झालेला होता. तेव्हा चांगले वागले की बोलण्याची गरजच उरत नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असा, असे पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१५).

याला किती काळ लागेल, हे आपल्या हाती नाही. आपल्याच जिल्ह्यात पाहा: कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली राहुरीत. मधली बरीच वर्षे ताटातुटीची आणि दुःखाची होती, आणि लक्ष्मीबाई परत आल्यावरही टिळकांनी त्यांच्यावर आपला विश्वास लादला नाही.

तूर्त एवढेच करा. ‘मी तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करते, चालेल ना?’ असे एकदा विचारा, आणि तिने ‘हो’ म्हटले तर घरी जाऊन खरोखरच करा. ती रजेवर असेपर्यंत तिच्या टेबलावरच्या साचलेल्या फायलींना हात लावता येत असेल, तर तेही करा. ‘तू हे सगळे का करतेस?’ असे तिने कधी विचारलेच, तर संकोचू नका. ख्रिस्ताने आपल्यावर जी प्रीती केली, ती आपल्या साध्या शब्दांत सांगा. तिला आणखी ऐकावेसे वाटले, तर शोमरोनी स्त्रीची ती कथा असलेला, योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय तिच्याशेजारी बसून वाचा.