गाईड म्हणतात, गावात बोलत बसू नकोस, पेपर लिही. जिऑलॉजीत सुरुवातीच्या काळात काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला. एमएस्सीचं दुसरं वर्ष, डिझर्टेशन दरडींवर, गावकऱ्यांसाठी मराठीत काहीतरी करावंसं वाटतंय आणि गाईड म्हणतात, "त्याला कुणी मार्क देत नाही." शिवाय जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि पीएचडी सोडून या विषयात काय आहे, हेही विचारलंय. नोकरीचं नंतर सांगते. आधी गाईडचं, कारण हेच वाक्य मी 2022 साली ऐकलंय आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

मी एका प्रकल्पावर सहायक होते. आदल्या वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं होतं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पट्ट्यातल्या वाड्यांचे उतार बघायचं आमचं काम. जूनच्या सुरुवातीला एका वाडीच्या शाळेत बैठक घेतली. पस्तीस घरांची वाडी. भिंतीवर लाल-पिवळा-हिरवा नकाशा लावला आणि आमच्या सरांनी सांगितलं, "तुमची वाडी मध्यम दरडप्रवण क्षेत्रात येते." मागून एक काका म्हणाले, "मध्यम म्हंजे बरं हाय की. वरच्या वाडीला तीव्र दिलाय." लोक हसले, चहा आला, बैठक संपली.

नकाशा चुकीचा नव्हता. पण 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. ती अख्खी वाडी नकाशावर तीन मिलिमीटरची होती. तिथलं 'मध्यम' म्हणजे त्या भागातल्या उतारांचा ढोबळ अंदाज, कुणाच्या परसामागच्या डोंगराची हमी नव्हे. आम्हाला हे ठाऊक होतं. काकांना 'मध्यम' ठाऊक होता तो रेडिओवरच्या 'हलका ते मध्यम पाऊस' यातला, आणि तसल्या पावसात कोकणात कुणी घर सोडत नाही. 'प्रवण', म्हणजे तसं घडायची शक्यता असलेला, हा शब्द तर तिथे कुणाच्या तोंडी नव्हताच.

चहा पिताना एका आजींनी माझा हात धरला. "बाय, जरा मागं चल." घरामागे चढावर गवतात एक भेग होती. धनुष्यासारखी वळलेली, माझी बेचाळीस पावलं भरली. तिच्या खालची ऐनाची दोन झाडं उताराकडे कललेली. आजी म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, मागचा दरवाजा घासतोय." बैठकीत त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

सरांनी भेगेची नोंद केली, तहसीलला पत्रही पाठवलं. त्यात त्यांनी कसूर केली नाही. पण मी म्हटलं, पुन्हा जाऊन लोकांना साध्या भाषेत सांगू या: भेग रुंदावतेय का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं का, नव्या जागी पाणी फुटलं का, खांब कलले का, दारं अडकायला लागली का. सर म्हणाले, "ते आपलं काम नाही. तू मेथडॉलॉजी संपव."

रविवारी मी एसटीने एकटीच गेले. शाळेच्या फळ्यावर ही लक्षणं लिहिली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'भेग बोटभर वाढली तर रात्री शाळेत झोपायचं.' शाळा पलीकडच्या सोंडेवर होती, म्हणून शाळेत. भेगेच्या दोन्ही अंगांना सळया ठोकल्या. आजींचा नातू नववीत होता. तो रोज सकाळी टेपने दोन सळयांमधलं अंतर मोजून मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. पहिला आकडा 84 सेंटिमीटर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 91. भेगेखालची सहा घरं अकरा रात्री शाळेत झोपली.

दरड पडली नाही. ऑगस्टमध्ये सर म्हणाले, "बघ, काही झालं का?"

मी गप्प बसले. आज लिहिते. सर, उतार सात सेंटिमीटर सरकला होता आणि त्याच्याखाली कुणी झोपलेलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं.

पुढच्या वर्षी पेपर छापून आला. त्या पोराचे रोजचे आकडे एका टेबलमध्ये होते, वर शीर्षक 'स्थानिक निरीक्षण'. आभारात त्याचं नाव घाला, असा मी दोनदा मेल केला. शाळकरी मुलांची नावं घालायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. ही पद्धत चूक आहे. चाळीस दिवस भर पावसात, जळवांतून चढून ज्यानं मोजलं, त्याचं नाव एका ओळीत मावलं असतं. तुमच्या गाईडना नम्रपणे विचारा, की गावात बोललं नाही तर दरडीच्या पेपरला असे आकडे कुठून येणार? गावातलं बोलणं हे फील्डवर्कच आहे. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं यंत्र) लावण्याआधी ते करायचं असतं.

आता नोकरी. मी बोगद्यावर इंजिनीअरिंग जिऑलॉजिस्ट आहे. ब्लास्ट झाला, मलबा निघाला, की पुढे जाऊन फेस मॅपिंग करायचं, म्हणजे समोर उघड्या पडलेल्या खडकाची नोंद काढायची, सांधे (खडकातल्या भेगा) आणि पाणी बघायचं, खडकाचा वर्ग ठरवायचा. त्यावरून रॉक बोल्ट (खडकात ठोकायच्या आधाराच्या सळया) किती आणि शॉटक्रीट (खडकावर फवारायचं काँक्रीट) किती ते ठरतं. हे फोरमनला दोन मिनिटांत पटवावं लागतं, कारण त्याची माणसं त्या खडकाखाली उभी असतात. मुलाखतीत मला पेपर कुणी विचारला नाही. त्या फळ्याबद्दल अर्धा तास विचारलं. बोगदे, धरणं, घाटरस्ते, भूजल, सगळीकडे माणसं लागतात. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा 21 ते 32 वयात देता येते, तीही द्या, गेटही द्या. तयारीबद्दल इथे बरीच उत्तरं आहेत. एक मात्र करा, दुसऱ्या कॉलेजांतल्या चार-पाच जणांशी ओळख ठेवा. आमच्या प्रकल्पातल्या चौघांचा ग्रुप अजून चालू आहे. हा लाल थर बोल (दोन लाव्हा थरांमधली लाल माती) आहे की टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक), यावर रात्री अकराला भांडणं होतात. साइटवर मी एकटीच जिऑलॉजिस्ट आहे, त्यामुळे मला ती भांडणं लागतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी एकटी गेले, तसं तुम्ही जाऊ नका. पावसाळ्यात तर नाहीच. ग्रामसेवक, तलाठी यांना कळवून जा. दरड अमुक दिवशी पडेल असं कधीही बोलू नका, तसं कुणालाच सांगता येत नाही. घरं रिकामी करायचा आदेश प्रशासनाचा, तो आपण द्यायचा नाही. माझ्या 'बोटभर'ला कुठल्या ग्रंथाचा आधार नव्हता. तो त्या उतारापुरता, सावध राहून केलेला अंदाज होता, दुसऱ्या वाडीवर तसाच लावू नका. आणि डिझर्टेशनवर सही होईपर्यंत गाईडशी भांडण ओढवून घेऊ नका, पेपरही लिहा.

डिझर्टेशनचं आभाराचं पान मात्र तुमचं असतं. ज्यांनी मोजून दिलं, वाट दाखवली, त्यांची नावं घरच्यांना विचारून, वाडीच्या नावासकट तिथे लिहा. आणि छापलेली एक प्रत त्या शाळेत नेऊन द्या.