कमरेचं इंजेक्शन आणि डोळ्याचा हिशेब

प्रश्न : वय ३४, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा संधिवात), एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह. नेप्रोक्सेन (वेदनाशामक) ५०० मिलिग्रॅम दोन वेळा घेऊनही सकाळी तासभर कंबर धरलेली असते. वर्षभरात उजव्या डोळ्याला तीनदा आयरायटिस (बुबुळाचा दाह) झाला. आता एटानरसेप्ट, सेक्युकिन्युमॅब किंवा ॲडॅलिम्युमॅब यांपैकी एक इंजेक्शन सुचवलं आहे. कमरेला तिन्ही सारखीच, तर मग स्वस्त पडेल ते घ्यावं का? की आधी सल्फासॅलाझिनच्या गोळ्या घेऊन बघू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कमरेपुरतं पाहिलं तर तिन्ही तोडीस तोड आहेत. पण वर्षात तीनदा डोळा सुजला असेल, तर निवड डोळ्याकडे बघूनच करायला हवी.

एटानरसेप्ट आणि ॲडॅलिम्युमॅब दोन्ही टीएनएफ (दाह पेटवणारं प्रथिन) अडवतात, पण एकाच पद्धतीनं नाही. ॲडॅलिम्युमॅब ही अँटीबॉडी आहे आणि डोळ्याचे झटके ती चांगले कमी करते. एटानरसेप्ट सांध्यांना उत्तम, डोळ्याला कमकुवत. ते चालू असताना पहिल्यांदाच आयरायटिस झालेले रुग्णही आहेत. सेक्युकिन्युमॅबचा मार्ग वेगळा : आयएल-१७ हे दाहाचं दुसरं प्रथिन अडवण्याचा. सोरायसिस सोबत असेल तर ते छान, पण युव्हिआयटिसच्या (डोळ्याच्या आतला दाह; आयरायटिस त्यातलाच) चाचण्यांत ते उतरलं नाही. शिवाय आतड्याचा दाह असेल तर ते टाळतात. म्हणून आमचा कौल ॲडॅलिम्युमॅबला : ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. त्याची भारतीय बनावटीची बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती इंजेक्शनं) २०१४पासून मिळतात, त्यामुळे किमतीची तुलना त्यांच्याशी करा. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅबही डोळ्याला चालतं, पण ते शिरेतून द्यावं लागतं.

सल्फासॅलाझिन टाकाऊ नाही. वर्षाकाठी एखाद-दुसरा झटका आणि गुडघा-घोट्याला सूज असती, तर आम्हीही आधी तेच सुचवलं असतं : रोज ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून आठवड्याला ५०० वाढवत रोजच्या २ ग्रॅमपर्यंत. पण मणक्याला त्याचा उपयोग होत नाही, आणि तुमची मुख्य तक्रार तीच आहे. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाचंही मणक्यापुरतं तसंच. (सल्फाची ॲलर्जी असेल तर सल्फासॅलाझिन मुळीच नको. शुक्राणू तात्पुरते घटतात, तेव्हा मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.)

इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी टाळू नका : छातीचा एक्स-रे आणि मॅंटू (त्वचेवरची) किंवा आयजीआरए (रक्ताची) चाचणी. शरीरात निपचित पडलेल्या क्षयजंतूंभोवतीचं कुंपण टीएनएफच्या जोरावर टिकतं. ते औषधानं ढिलं झालं की क्षय उसळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना मॅंटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सुप्त क्षय सापडलाच तर त्याचा प्रतिबंधक कोर्स सुरू करून साधारण महिनाभरानं इंजेक्शन देता येतं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीही तपासून घ्या. आणि नेत्रतज्ज्ञांना एकदा स्पष्ट विचारा, की हा दाह क्षयाचा नाही ना? आपल्याकडे ही शंका धरावीच लागते.

पेन २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवून नको. गोठलेलं औषध फेकावंच लागतं. टोचण्याआधी १५ ते ३० मिनिटं बाहेर काढून ठेवलं तर आग कमी होते. बरं वाटतंय म्हणून डोस पुढे ढकलू नका. खंड पडत गेला की शरीर औषधाविरुद्धच अँटीबॉडी बनवतं आणि ते निकामी होतं.

इंजेक्शन सुरू झालं तरी एखादा झटका येऊ शकतो. डोळा लाल, ठणका, उजेड सहन न होणं, पण चिपडं नाहीत, असं झालं तर डोळे आलेत असं समजून मेडिकलमधून अँटिबायोटिक थेंब आणू नका. २४ तासांत नेत्रतज्ज्ञांकडे जा. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का सुरुवातीला बहुधा तासातासाला घालायला सांगतात. बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. सोबतचे होमॅट्रोपिन किंवा ॲट्रोपिनचे थेंब धूसर दिसतं म्हणून सोडू नका; ते बाहुली मोठी ठेवतात, म्हणून बुबुळाचा पडदा भिंगाला चिकटत नाही. स्टेरॉइडचे थेंब आठवड्यांच्या हिशेबानं उतरवायचे असतात. मधल्या काळात डोळ्याचा दाब मोजून घ्या.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची, एका गुडघ्याला सूज, एएनए (स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटीबॉडींची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. डोळा लाल नाही, दुखत नाही. तरी दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायला का सांगतात?
– एक आई, नाशिक

उत्तर : कारण लहान मुलांत सांध्यांच्या सुजेसोबत येणारा डोळ्याचा दाह लाली-दुखण्याशिवाय होतो आणि फक्त स्लिट लॅम्पवर (नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकावर) दिसतो. मूल तक्रार करेपर्यंत भिंग धूसर झालेलं असतं. दाह सापडला आणि थेंबांनी आवरला नाही, तर मेथोट्रेक्सेट देतात : शरीराच्या दर चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. पाकिटावर वार लिहून ठेवा; रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. तेवढ्यानं भागलं नाही तर जोडीला ॲडॅलिम्युमॅब, ३० किलोखाली २० मिलिग्रॅम. इथंही एटानरसेप्ट नको. स्टेरॉइडच्या थेंबांशिवाय डोळा दोन वर्षं शांत राहिल्यावरच औषधं कमी करण्याचा विषय काढा, आणि त्यानंतरही तपासण्या चालू ठेवा.